तिसरा टेकू

माझ्या दिराला सगळे पाड्या म्हणतात. जुन्या इमारती पाडतो म्हणून पाड्या. खरं नाव कागदावर आहे, पण त्या नावानं हाक मारलीत तर तो मागं वळूनही बघणार नाही. लोकांच्या नाकावर राग असतो, याच्या सगळ्या अंगावर आहे. मान जाड, डाव्या हाताची दोन बोटं चेपलेली, भुवयांत बारा महिने चुन्याची धूळ, आणि डाव्या कानानं ठार बहिरा. तो कान जन्मतः तसा नाही. तो फोडला गेला, आणि फोडला तेव्हा मी तिथंच उभी होते. ते पुढं येईलच.

काम सुरू करण्याआधी तो एकटा रिकाम्या घरातून फिरतो. बारक्या हातोडीनं भिंत ठोकतो, उजवा कान लावून ऐकतो आणि पोकळ वाजलं की खडूनं फुली मारतो. मग कच्च्या जागी लाकडी टेकू लागतात. त्याच्या टोळीच्या प्रत्येक टेकूला बुडाशी वीतभर लाल पट्टा. नियम एकच: टेकूला मुकादमाशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि शेवटचा टेकू तर सगळी माणसं बाहेर मोजून झाल्यावरच निघणार. मुकादम हाच. माझा नवरा याचा थोरला भाऊ, पण धाकट्याच्या हाताखाली राबायचा. त्या एका गोष्टीवरून आमच्या घरात किती भांडी आपटली गेली, ते मला आणि त्या भांड्यांनाच ठाऊक.

अकरा वर्षांपूर्वी पाड्यानं आयुष्यातलं एकमेव अर्धं काम घेतलं. दुमजली घर होतं, एका बाजूला मालकाचं कुटुंब राहत होतं. मालक हातापाया पडला, अर्धं पाडा, अर्धं ठेवा म्हणाला. पाड्याला दया आली. त्यानं घर मधोमध कापलं, उरलेल्या भागाला टेकू लावले, त्या कुटुंबाला आठवडाभर दुसरीकडं राहायला लावलं आणि तिसऱ्या दिवशी तो उभा अर्धा भाग माझ्या नवऱ्यावर कोसळला. दगड उपसायला चार तास गेले. जे हाती आलं ते मला चेहरा झाकून दाखवलं. हातातला पितळी ओळंबा तेवढा धड होता, तो पाड्यानं खिशात टाकला.

त्याच संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी अंगणात पाड्याला सळईनं मारलं. अर्ध्याला हो कुणी म्हटलं, सांग, हो कुणी म्हटलं, असं विचारत मारत होते. हा पठ्ठ्या, ज्याच्यासमोर चार माणसं उभी राहायला कचरतात, हात खाली सोडून उभा राहिला. एक घाव कानावर बसला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं तरी तो म्हणत होता, मी म्हटलं, बाबा, मी म्हटलं. मी दाराच्या चौकटीला धरून बघत होते. मी थांबवू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं.

तेव्हापासून पाड्यानं लग्नाचा विषय काढू दिला नाही. वरच्या खोलीत राहिला, माझ्या लेकीला शाळेत सोडलं, शाळेतून आणलं, तिची फी भरली आणि रोज माझ्या स्वयंपाकघरात, माळ्याखाली बसून जेवला. तो माळा जरा विचित्र आहे. मागची बाजू भिंतीत, पुढं तीन खांब लागतात, पण आहेत दोनच. दोन्हींना हिरवा रंग. तिसऱ्याच्या जागी लोखंडी पेट्यांची चळत. दर सहामाहीला तो मान वर करून म्हणायचा, "वहिनी, तिसरा खांब बसवून देऊ का? दहा मिनिटांचं काम."

"माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नका," मी म्हणायचे. 

आणि अर्धं काम त्यानं पुन्हा घेतलं नाही. पाडायचं तर पायापर्यंत, नाहीतर दुसरा माणूस बघा. मध्यंतरी एका इमारतीच्या मालकाला पुढचं दुकान ठेवायचं होतं. ठरताना तोंडातून ब्र काढला नाही, काम निम्म्यावर आल्यावर बोलला. पाड्यानं घण उचलला आणि त्या दुकानाच्याच भिंतीवर घातला. मालकाच्या माणसांनी त्याला धरलं, यानं एकाचे दात पाडले, दुसऱ्याचा हात पिरगाळून खांद्यातून काढला, तेवढ्यात तिसऱ्यानं पहारीचं बोथट टोक याच्या पोटात मारलं. टोळीनं हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. आतून रक्तस्राव होतोय का बघायला पोटाचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता. पण फोटोत भलतंच दिसलं.

मग सुरू झाल्या तपासण्या, आणि शेवटी आम्ही पोहोचलो सर्जनबाईंकडं. माझ्या खांद्याएवढी बाई, केस पिकलेले, हात लहान मुलीसारखे. तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटात मागं, कण्यावर आडवी पडलेली वीतभर ग्रंथी असते, स्वादुपिंड. उजवीकडं तिचं डोकं, डावीकडं शेपूट. पाड्याच्या शेपटीतली नळी फुगली होती, तिच्यात चिकट पाणी साचलं होतं आणि भिंतीला आतून एक कोंब फुटला होता.

"हा कॅन्सर नाही," बाई म्हणाली. "पण कॅन्सरच्या वाटेवर आहे. ठेवला तर बहुतेक होईलच, आणि या अवयवाचा झाला की माणूस क्वचितच वाचतो. म्हणून आत्ताच शेपूट कापून काढायची. सोबत प्लीहाही जाईल, ती चिकटून असते."

"आणि हे काय?" पाड्यानं चित्राच्या उजवीकडं बोट टेकवलं. तिथं तिनं दोन ठिपके काढले होते.

"डोक्याकडं दोन बारीक गाठी आहेत. वाटाण्यापेक्षा लहान. त्या नुसत्या बघत राहायच्या. दर सहा महिन्यांनी फोटो."

"म्हणजे अर्धं काढणार आणि अर्धं ठेवणार."

"हो."

"सगळं काढा."

बाईनं शांतपणे समजावलं. सगळं काढलं तर अंगात इन्सुलिनचा थेंब राहणार नाही. दिवसाला चार-पाच सुया, प्रत्येक जेवणाबरोबर गोळ्या, साखर घटकेत वर, घटकेत खाली. हा माणूस सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडतो आणि दिवसभर तिसऱ्या मजल्याच्या उघड्या भिंतीवर उभा असतो. साखर उतरली, चक्कर आली की खाली जमीन. जे धड आहे ते का काढायचं, असं तिनं विचारलं. तिच्या जागी मी असते तर सुक्याबरोबर ओलं का जाळता असं विचारलं असतं.

"अर्धं उभं ठेवलं की पडतं," पाड्या म्हणाला. "माणूस मारतं. मला शिकवू नका."

"मी गरज नसताना सगळं काढणार नाही. हवं तर दुसरा सर्जन बघा."

पाड्यानं तिचं टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं केलं. फायली, काचेचा पेला, संगणकाचा पडदा, सगळं जमिनीवर. दोन रखवालदार धावत आले, त्यातला एक भिंतीवर आपटला. बाई खुर्चीवरून हललीसुद्धा नाही. चित्राचा कागद मात्र तिनं आधीच उचलून छातीशी धरला होता. आम्हाला बाहेर काढलं तेव्हा ती दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "यांना आजाराची भीती नाही. अर्ध्याची आहे. कशामुळं, ते तुम्हाला माहीत असेल तर बोला यांच्याशी. फार दिवस नाहीत."

चार दिवसांत यानं दुसरा डॉक्टर शोधून काढला. शोधलं की सापडतोच. तो म्हणाला, पेशंटची इच्छा असेल तर सगळं काढू. तारीखही मिळाली, येत्या सोमवारची. माझी लेक रडकुंडीला आली. "आई, तू बोल ना. काका तुझंच ऐकतात." ऐकतो, बाई, ऐकतो. म्हणून तर जीभ रेटत नव्हती. काय वाटत होतं ते सांगते: मला भीती वाटत होती. त्याच्या जिवाची नंतर, माझी आधी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात अकरा वर्षं भर दुपार होती.

शनिवारी तो जेवायला बसला. मी सुरी घेतली, माळ्याच्या एका खांबाशी गुडघ्यावर बसले आणि बुडाचा हिरवा रंग खरवडायला लागले. ढलप्या त्याच्या ताटाजवळ पडल्या.

"काय करताय?" तो म्हणाला.

खालून लाल निघाला. वीतभर पट्टा. मी दुसऱ्या खांबाशी गेले, तोही खरवडला. तोही लाल. पाड्याचा घास हातातच राहिला.

"हे आमचे टेकू आहेत," तो म्हणाला. "कुठल्या कामावरचे?"

मी सांगितलं. सहा महिने मी नवऱ्याच्या मागं लागले होते, माळा करून द्या, माळा करून द्या. तुमच्या भावाकडं एवढं लाकूड पडलंय, तुमच्यात मागायची धमक नाही, असं त्याला टोचत होते. मागायला त्याचा मान आड येत होता. मग त्या अर्ध्या घराच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी, भाऊजी, तुम्ही घरी निघाल्यावर त्यानं दोन टेकू काढून आणले. भिंत जाड आहे, काही होत नाही म्हणाला. रात्रीच ठोकून बसवले. माळा एका बाजूला डुगडुगत होता. सकाळी तो तुमच्याआधी निघाला तेव्हा मी म्हटलं, तिसराही आणा, अर्धवट कामं करू नका. तिसऱ्याला हात घातला तेव्हा भिंत अंगावर आली. ढिगाऱ्यात कोण टेकू मोजतंय. तोवर पट्टे पोत्यांनी झाकले, पंधरा दिवसांनी मी हिरवा रंग आणला.

"अर्धं ठेवलं म्हणून पडलं नाही, भाऊजी. तुम्ही नीट ठेवलं होतं. आम्ही टेकू काढले."

त्यानं ताट हातानं उडवलं, ते चुलीवर जाऊन आदळलं. अंगणातून घण घेऊन आला. लेक किंचाळत मध्ये आली, तिला त्यानं दंडाला धरून बाजूला सारलं, हलक्या हातानं, एवढं मी पाहिलं. पहिला घाव पेट्यांवर. चळत ढासळली, माळा तिरका झाला आणि वरचं सगळं खाली आलं. डबे, परात, पिंप. एक लोखंडी कढई माझ्या कपाळावर बसली, भुवई फाटली, एका डोळ्यानं दिसेना. दुसऱ्या डोळ्यानं दिसलं की घण त्याच्या डोक्यावर आहे आणि त्याच्याखाली मी आहे. मी हलले नाही. शूर वगैरे नाही मी. हलायचं सुचलंच नाही.

"बापानं माझा कान फोडला तेव्हा तू उभी होतीस," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला अगं-तुगं केलं.

"होते."

"बघत होतीस."

"हो."

घण माझ्या शेजारी जमिनीवर पडला. मग पुन्हा, आणि पुन्हा. फरशीचे तुकडे उडून माझ्या पायांत घुसले. तो जमीन फोडत राहिला, खालची माती लागली तरी फोडत राहिला, आणि मग पोट धरून तिथंच ओकला. मला टाके घालायला लेकीनं नेलं. परत आलो तेव्हा तो नव्हता. दोन्ही टेकूही नव्हते.

सोमवारच्या डॉक्टरकडं तो गेलाच नाही. रविवारी सकाळी सर्जनबाईच्या घरी जाऊन दार ठोकलं, हे मला पुढं बाईकडूनच कळलं. त्यानं विचारलं, कुठं कापायचं आणि कुठं थांबायचं ते तुम्हाला आत कसं कळणार? ती म्हणाली, कापलेल्या कडेची चकती लगेच तपासायला पाठवतो. कड खराब निघाली तर आणखी पुढं कापतो, चांगली निघाली की थांबतो. "म्हणजे ठोकून बघता," पाड्या म्हणाला. "मग अर्धं काढा."

भरती व्हायच्या दिवशी निरोप आला तो लेकीला. सही करायला जवळचं माणूस हवं होतं, आणि लेक अजून अठराची नव्हती. मी भुवईवर पट्टी घेऊन गेले. काउंटरवरच्या कारकुनानं विचारलं, "सोबत कोण? नातं काय?"

"माझ्या भावाला मारणारी," पाड्या म्हणाला. "तसं लिहा."

कारकुनाचं पेन हवेतच थांबलं.  "वहिनी लिहा," मी म्हटलं आणि सही केली. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं म्हणाला का? नाही.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. शेपूट गेली, प्लीहा गेली. पहिली चकती खराब निघाली, म्हणून बाईनं आणखी दोन बोटं कापलं. दुसरी चकती चांगली आली आणि ती थांबली. पोटातून बरगडीखाली एक नळी बाहेर काढून ठेवली होती, कापलेल्या तोंडातून गळणारा रस बाहेर यावा म्हणून. तो रस साधा नसतो. आपण खाल्लेलं मांस पचवणारा रस तो, मोकळा सुटला तर आपलंच मांस पचवतो.

आणि तो सुटला. पाचव्या दिवशी नळीतून राखाडी पाणी यायला लागलं. नळीभोवतीची कातडी भाजल्यासारखी सोलपटली, ताप चढला, पाड्याचं भान गेलं. त्यानं हाताची सलाईन उपटली, रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली. धरायला आलेल्या वॉर्डबॉयच्या जबड्यावर असा ठोसा बसला की तो पलंगाखाली गेला. "काढा हे, काढा," असं ओरडत त्यानं नळीला हात घातला आणि ओढली. कातडीला घातलेला टाका ताणला गेला, फाटायला लागला.

मी त्याच्या कानाखाली आवाज काढला. मग त्याच्या हातावर सगळं वजन टाकून बसले आणि चांगल्या कानात ओरडले, "टेकू आहे तो. टेकूला मुकादमाशिवाय कुणी हात लावायचा नाही. इथं मुकादम ती बाई आहे."

त्याची बोटं माझ्याखाली वळवळली. एकदा वाटलं, मनगट मोडतोय माझं. मग ती सुटली. तो छताकडं बघत मोठ्यानं रडायला लागला, भावाला हाका मारत. मी उठले नाही. बाई येऊन नवा टाका घालेपर्यंत, जवळजवळ तासभर, मी त्या हातावर बसून होते. माझेही डोळे गळत होते, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नळी सात आठवडे राहिली. रोज किती पाणी आलं ते मी मापून लिहायचे, पिशवी बदलायचे, सोललेल्या कातडीला मलम लावायचे. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा.  तपासणीचा अहवाल आला. कोंबात पेशी पार बिघडलेल्या होत्या, पण भिंतीबाहेर एकही गेली नव्हती. आणखी वर्षभर थांबलो असतो तर गेली असती, असं बाई म्हणाली. नळी तिनं स्वतः काढली. काढण्याआधी पाड्यानं तिला दोनदा विचारलं, "नक्की का?"

बरा झाल्यावर त्यानं वरची खोली सोडली, कामाच्या गोदामामागं राहायला गेला. लेक रोज जाते त्याच्याकडं. स्वयंपाकघरातली फरशी मी अजून बसवलेली नाही. माळाही नाही. ते दोन टेकू तिला गोदामात दिसले, हिरवा रंग पूर्ण काढलेले, लाल पट्टा नव्यानं मारलेले.

सहा महिन्यांनी सकाळी दार वाजलं. तो फाइल घेऊन उभा होता. "फोटो आहे आज," एवढंच बोलला आणि चालायला लागला. मी चपला घातल्या. तोच काउंटर, तोच कारकून. त्यानं आम्हाला बघितलं, पेन हातात घेतलं आणि जरा बिचकतच विचारलं, "सोबत कोण?"

"वहिनी," पाड्या म्हणाला. "मागच्या वेळी लिहिलंय की."

बाकावर आम्ही दोघं मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो. समोरच्या भिंतीला भेग होती, तो तिच्याकडंच बघत होता. तिच्याकडं बघतच म्हणाला, "माफ केलेलं नाही."

"मी मागितलेली नाही."

"मागूही नका."

आतून नर्सनं हाक मारली. यंत्रात धातूची वस्तू चालत नाही, किल्ल्या, नाणी, घड्याळ सगळं काढून ठेवा म्हणाली. त्यानं किल्ल्या तिच्या ट्रेमध्ये टाकल्या. मग खिशात हात घातला आणि पितळी ओळंबा काढला, दोरी गुंडाळलेला. भावाच्या हातातला. अकरा वर्षांत तो मी कधी त्याच्या खिशाबाहेर पाहिला नव्हता, आणि मला तर त्यानं त्याला हातही लावू दिला नव्हता. नर्सनं ट्रे पुढं केला. त्यानं ट्रेकडं बघितलं, कोपऱ्यातल्या कुलपाच्या कपाटाकडं बघितलं, आणि वळून ओळंबा माझ्या तळहातावर ठेवला.

"धरा," तो म्हणाला. "मी येईपर्यंत ठेवू नका कुठं."

पाऊण तास लागला. मी दोन्ही हातांत धरून उभी राहिले.